हरणारा संघ आणि आम्ही

मैदानी खेळांशीं आमचें सख्य कधींच नव्हतें. उणींपुरीं पस्तीस वर्षें आम्ही शाळेंत संस्कृत शिकविलें; मैदानावर पाऊल टाकलें असेल तें मुलांना हांकून वर्गांत आणण्यापुरतेंच. अशा मनुष्यानें साठी उलटल्यावर सातासमुद्रांपलीकडील एका बास्केटबॉल-संघापायीं झोंप उडवून घ्यावी, हें वाचून वाचकांस हंसूं येईल. तें आम्हांलाही येतें. परंतु त्या हंसण्याच्या तळाशीं एक कांटा आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

२०२३ सालच्या आश्विनांत आम्ही उभयतां मुलाकडे डेट्रॉइट शहराच्या एका उपनगरांत राहावयास गेलों. बाहेर थंडी पडूं लागलेली, घरांत मुलगा व सूनबाई दिवसभर कामांत. तेव्हां संध्याकाळचा आमचा सोबती म्हणजे बारा वर्षांचा नातू. तो त्या गांवच्या ‘पिस्टन्स’ या व्यावसायिक संघाचा परम भक्त. त्यानें आम्हांला दूरचित्रवाणीपुढें बसविलें आणि खेळाची बाराखडी शिकविली : दोहों बाजूंस पांच पांच गडी, बारा बारा मिनिटांचे चार डाव, आणि चेंडू हातीं आल्यावर चोवीस सेकंदांच्या आंत टोपलीकडे फेंकलाच पाहिजे. हा खेळ १८९१ मध्यें स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या एका शिक्षकानें काढला आणि पहिल्या टोपल्या पीच फळांच्या होत्या, असें कळलें, तेव्हां आमचा अर्धा विरोध मावळला. शिक्षकाचें अपत्य म्हटल्यावर थोडी आपुलकी वाटणारच.

संघाचा पूर्वेतिहासही आम्ही विद्यार्थ्यासारखा ऐकून घेतला. फोर्ट वेन गांवीं यंत्रांचे दट्टे बनविणाऱ्या एका कारखानदारानें हा संघ उभारला, म्हणून त्याचें नांव पिस्टन्स. १९५७ मध्यें तो मोटारींच्या या राजधानींत आला. १९८९, १९९० आणि २००४ या तीन वर्षीं त्यानें अजिंक्यपद मिळविलें. पुढें २०१३ मध्यें त्या शहरावरच दिवाळखोरी जाहीर करण्याची पाळी आली. आणि संघाचे दिवसही फिरले ते फिरलेच.

आम्ही पाहूं लागलों त्या वर्षीं पहिल्या तीन सामन्यांत दोन विजय मिळाले. नातू नाचला. त्यानंतर संघ जो हरूं लागला तो थांबेचना. दिवाळी आली, पराभवांतच गेली. मार्गशीर्ष लागला, तरी तेंच. कधीं चाळीस मिनिटें बरोबरीनें झुंजावें आणि शेवटच्या आठ मिनिटांत हातचें घालवावें. कधीं आरंभींच धाराशायी व्हावें. आणि या संघाच्या मुख्य शिक्षकास सहा वर्षांचे सुमारे ७ कोटी ८५ लक्ष डॉलर ठरलेले! आमच्या साऱ्या हयातीचा पगार त्याच्या एका आठवड्याच्या वेतनापुढें टिकला नसता. मग आमच्या रागास काय पारावार? ‘अरे, चेंडू दे त्याला!’, ‘हा मनुष्य शिकवितो तरी काय?’ असा आमचा आवाज माडीवर ऐकूं जाई आणि सौभाग्यवती खालीं येऊन विचारीत, “पुन्हां हरले वाटतें?”

डिसेंबरच्या २६ तारखेस मुलानें आम्हां सर्वांस प्रत्यक्ष सामन्यास नेलें. केड कनिंगहॅम या तरुण खेळाडूनें एकट्यानें ४१ गुण केले. तरी ब्रुकलिनच्या संघानें ११८ विरुद्ध ११२ गुणांनीं सामना जिंकला. हा लागोपाठ सत्ताविसावा पराभव. एका हंगामांत इतके सलग पराभव त्या स्पर्धेच्या इतिहासांत कोणीही सोसले नव्हते. ‘संघ विकून टाका!’ अशा आरोळ्या प्रेक्षकांतून उठूं लागल्या. सांगावयास लाज वाटते, पण आमचेही ओठ हलले. दोन दिवसांनीं बोस्टन येथें एकवीस गुणांची आघाडी घालवून, वाढीव वेळांत अठ्ठाविसावा पराभव पदरांत पडला. त्या रात्रीं आम्ही पडद्यापुढून उठलों आणि म्हणालों, “हे दगड आहेत, दगड. यांच्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं.”

नातू कांहीं वेळ गप्प होता. मग त्यानें अगदीं सरळपणें विचारलें, “आजोबा, तुमच्या वर्गांत जीं मुलें नापास व्हायचीं, त्यांनाही तुम्ही असंच म्हणत होतां का?”

वाचकहो, त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. आठवला तो आमच्या चाकरीच्या दहाव्या-बाराव्या वर्षींचा एक विद्यार्थी. संस्कृतांत लागोपाठ तीनदां नापास झालेला. तिसरी उत्तरपत्रिका त्याच्या हातीं देतांना, साऱ्या वर्गासमक्ष, आम्ही नेमका हाच शब्द वापरला होता. ‘बापाच्या दुकानांत बस,’ असेंही वर म्हटलें होतें. वर्ग हंसला. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेंत आला नाहीं. तो कां येत नाहीं याची चौकशी आम्ही केली नाहीं. पटावरील नांवापुढें गैरहजेरीची खूण करीत राहिलों, आणि महिनाअखेर तें नांवही कमी झालें. नवीन ठिकाणीं त्यास कोणी धातु चालवावयास पुन्हां शिकविलें असेल, अशी आशा आम्ही आज करतों. परंतु ती आशा फुकटची आहे.

३० डिसेंबर रोजीं टोरांटोविरुद्ध १२९–१२७ असा निसटता विजय मिळाला. सूनबाईनें शिरा केला. नातू हर्षानें रडला. तो ‘दगड’ शब्द मात्र त्यानें पुन्हां काढला नाहीं. त्या हंगामांत ८२ पैकीं केवळ १४ सामने जिंकून संघ सर्वांच्या तळाशीं राहिला. नव्या खेळाडूंच्या निवडीचा क्रम सोडतीनें ठरतो आणि तींत तळाच्या संघांना अधिक संधि असते. पण २०२३ प्रमाणें २०२४ मध्येंही, शेवटचा येऊन, यांच्या वांट्यास पांचवाच क्रमांक आला. दैवही रुसलेलें! जून २०२४ मध्यें त्या महागड्या शिक्षकास निरोप मिळाला.

आम्ही स्वदेशीं परतलों होतों. तरी पहाटे साडेपांचला उठून स्नानापूर्वीं सामना पाहण्याची खोड जडली ती जडलीच. नवे शिक्षक बिकरस्टाफ हे स्वतः क्लीव्हलंडच्या संघानें नुकतेच दूर केलेले. तरुण खेळाडू बहुतेक तेच. जोडीस दोन-तीन मुरलेले वडीलधारे गडी आणले. आणि २०२४-२५ च्या हंगामांत त्याच संघानें ४४ सामने जिंकले! एप्रिल २०२५ मध्यें न्यूयॉर्कविरुद्ध एक सामना जिंकून, बादफेरींतील सलग पंधरा पराभवांची माळही तोडली. ती मालिका अखेर ४–२ अशी गमावली. पण नातवाचा दूरध्वनि आला तो आनंदाचा.

प्रत्येक हरणारा पुढें जिंकतोच, असें आम्ही म्हणत नाहीं. पस्तीस वर्षें निकाल लावणारा मनुष्य तसें म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्यांना आम्ही दगड म्हटलें ते दगड नव्हते, आणि तें ठरविण्याची घाई आम्हांला झाली होती.

गेल्या सहामाहीस आमच्या धाकट्या बंधूंचा नातू संस्कृतांत नापास झाला. आमच्याच घरांत, आमच्याच विषयांत! माजघरांत सारीं मंडळी जमलेलीं. बंधु म्हणाले, “दादा, आतां तुम्हीच याला चार शब्द सुनवा.” मुलगा मान खालीं घालून उभा. आम्ही चष्मा पुसला आणि म्हणालों, “उद्यां सकाळीं सहाला पुस्तक घेऊन माडीवर ये. सामना असला तर आधीं तो पाहूं. मग ‘राम’ शब्दापासून आरंभ करूं.”