मागे राहिलेले कवडे

गेल्या हिवाळ्यात मी चार महिने अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात होतो. मुलगा मॅडिसन शहरापासून तासाभरावरच्या एका खेड्यात राहतो. आजूबाजूला सगळी शेती. त्याच्या घरामागे कुंपण नाही. अंगण संपतं तिथेच मक्याचं शेत सुरू होतं, त्यापलीकडे एक लाल रंगाचं जुनं गोठ्याचं घर, शेजारी धान्याचा उंच सायलो आणि वारा अडवायला लावलेल्या स्प्रूसच्या झाडांची एक रांग. मी गेलो तेव्हा मका काढून झाला होता. शेतात नुसती खुंटं उभी होती. पंधरा दिवसांत तीही बर्फाखाली गेली.

जानेवारीत तिथे उजाडायला साडेसात होतात. फजरची नमाज झाली की तास-सव्वातास काळोखच. झोप तर येत नाही. मग मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचो. बाहेर सुनेने पाखरांसाठी दाण्यांचं एक खोकं टांगलं होतं. पहिल्यांदा झटपट येणारी छोटी पाखरं यायची. आणि मग थोडं उजाडलं की खाली जमिनीवर, बर्फात, काही फिकट तपकिरी पाखरं उतरायची. उतरताना आणि उडताना त्यांच्या पंखांचा शिट्टीसारखा बारीक आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी मी उठून उभाच राहिलो. अरे, हा तर आमचा कवडा!

आमच्या दाभोळ खाडीकाठच्या गावात पोफळीवर बसून दुपारभर घुमतो तो कवडा, म्हणजे पुस्तकातला होला. हा अगदी तोच नव्हता. आमच्याकडच्याच्या मानेवर ठिपक्यांची चौकट असते. याच्या पंखांवर मोजके काळे ठिपके होते आणि शेपटी लांब, टोकदार. पण मान हलवत चालायची रीत, तो भाबडा डोळा, सगळं घरचं. सुनेने नाव सांगितलं, मॉर्निंग डव्ह. मी महिनाभर समजत होतो की सकाळी येतो म्हणून मॉर्निंग. नंतर कळलं, हे मॉर्निंग सकाळचं नव्हे, शोकाचं. त्याचं घुमणं तिथल्या लोकांना रडण्यासारखं वाटलं म्हणून हे नाव. आपल्या लिपीत दोन्ही सारखंच लिहिलं जातं, त्याला मी काय करणार?

सात वर्षांची नात रोज त्यांची मोजणी करायची. फ्रिजवर एक कागद चिकटवला होता, त्यावर आकडे. कधी नऊ, कधी चौदा. एका सकाळी पारा उणे बावीसवर होता. तिने खिडकीला नाक लावलं आणि विचारलं, ''दादा, बाकीचे सगळे गरम गावाला गेले. यांना कुणी सांगितलं नाही का?''

मला उत्तर आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनातही तेच होतं. वेडी पाखरं. पंख आहेत, वाट मोकळी आहे, दक्षिणेला दाणा आहे, ऊन आहे. मग इथे कशाला?

उत्तर दिलं ते शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने. पंच्याहत्तरीचा माणूस. गाई विकून टाकल्या, शेत कसायला दिलं, पण गोठ्याशेजारच्या त्याच घरात एकटा राहतो. त्याने सांगितलं की यातले बरेच जातात. आधी त्या वर्षीची पिल्लं निघतात, मागून माद्या, सगळ्यांत शेवटी मोठे नर. आणि काही जातच नाहीत. जे राहतात त्यांत नर जास्त. वसंतात जोडी जमवायची आणि घरट्याची जागा धरायची वेळ येते, तेव्हा जो इथेच असतो त्याला चांगली जागा आधी मिळते. शिवाय पोटाची सोय आहे. यंत्राने मका काढताना दाणे सांडतात. सायलोपाशी सांडतात, गुरांच्या चाऱ्यात असतात. माणसांनी जंगल तोडून शेती केली त्यात या पाखराचं भलंच झालं.

त्याच जंगलातोडीत त्याचा एक भाऊबंद मात्र संपला. पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर. १८७१ साली याच विस्कॉन्सिनच्या जंगलात त्यांची अफाट वसाहत भरली होती. कोट्यवधी पाखरं. माणसांनी ती गाडी गाडी भरून मारून नेली. १९१४ च्या १ सप्टेंबरला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्यातली शेवटची मादी मेली. तिचं नाव मार्था होतं. मोठमोठ्या थव्यांनी देशभर फिरणारी जात गेली आणि चार-दहाच्या टोळीने शेताच्या बांधावर दाणे टिपणारी राहिली.

पण राहणं फुकट नसतं. या पाखराचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हापूस आंब्याच्या निम्मं. तेवढ्या जिवाला रात्रभर ऊब धरायची असते. म्हणून संध्याकाळी ती घाईघाईने गळ्याखालची पिशवी दाण्यांनी भरून घेतात आणि स्प्रूसच्या दाट फांद्यांत जाऊन बसतात. रात्रभर ते दाणे पुरवून पुरवून पचवतात. पिसं फुगवून त्याखाली पाय झाकून घेतात. तरी कडाका फार झाला की पायाची बोटं गोठतात, काळी पडतात आणि गळून जातात. आमच्या खिडकीखाली येणाऱ्यांपैकी एकाच्या उजव्या पायाला पुढची दोन बोटं नव्हती. बर्फावर त्याच्या पावलांची खूण वेगळी उमटायची. नात त्याला 'लंगडोबा' म्हणायची. हा शब्द तिने माझ्याकडूनच उचलला होता.

पाखरांच्या तवक्कुलची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. सकाळी उपाशी निघालेली पाखरं संध्याकाळी भरल्या पोटी घरट्यात येतात, ती. वाझमध्ये ती सांगतात तेव्हा भर असतो देणाऱ्यावर, आणि तो बरोबरच आहे. पण त्या खिडकीशी बसून मला तिची दुसरी बाजू दिसली. पाखरू निघतं. उणे बावीसमध्येही निघतं. झाडात बसून राहिलं असतं तर दाणा त्याच्याकडे चालत आला नसता. आणि संध्याकाळी पोट भरलं म्हणजे बोटं शाबूत राहिली असं नाही.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात आजोबा फिरत होते.

१९४७ च्या शेवटी आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईहून बोटीने कराचीला गेले. कोकणातले बरेच मुसलमान तेव्हा गेले. मुंबईच्या गोदीत, जहाजांवर काम करणाऱ्यांना कराची काही परकी नव्हती. धाकट्या भावाने आजोबांनाही तिकिटाचे पैसे पाठवतो म्हणून कळवलं होतं. आजोबा गेले नाहीत. का गेले नाहीत, यावर आमच्या गावात दोन मतं आहेत. १५ ऑगस्टला शाळेत भाषण करणारे पाहुणे सांगायचे की यांनी मातृभूमी निवडली. आणि एरवी, क्रिकेटचा सामना असला किंवा कुठे काही पेटलं की एखादा जण सहज विचारायचा, ''तुम्ही लोक का नाही गेलात?'' पहिल्यात आम्ही पुतळा, दुसऱ्यात आरोपी.

मी दहावीत असताना आजोबांनाच विचारलं. ते विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, ''भात कापायचं राहिलं होतं.''

मला तेव्हा राग आला. एवढ्या मोठ्या गोष्टीचं एवढंसं उत्तर! मला काहीतरी भारी ऐकायचं होतं, वर्गात सांगता येईल असं. आता पासष्टाव्या वर्षी, परक्या देशात बर्फाकडे बघताना वाटलं, याहून पुरं उत्तर नव्हतंच. भात आपलं होतं. ते कापायला हवं होतं. ते झाल्यावर पोफळीला पाणी द्यायचं होतं. मग पाऊस आला. माणूस असाच राहतो. ज्याला आपण निर्णय म्हणतो तो पुष्कळदा मागून आलेल्यांनी त्याच्या नावावर लिहिलेला असतो.

त्याचीही किंमत पडली. धाकट्या भावाची पत्रं यायची. १९६५ च्या लढाईनंतर ती तुटत गेली. भाऊ वारल्याची बातमी आजोबांना दोन महिन्यांनी कळली. जनाजा कधीच उठून गेला होता. त्या दिवशी आजोबा शेतावर गेले नाहीत, पडवीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी गेले. भावाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. तो गेला, मी राहिलो, एवढंच म्हणायचे.

त्या शेतकऱ्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. १९७१ मध्ये विस्कॉन्सिनने याच पाखराला राज्याचं शांततेचं प्रतीक ठरवलं. आणि २००३ पासून दर वर्षी १ सप्टेंबरला तिथे त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्यावरून लोक कोर्टात गेले, वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, शिकार कायम राहिली. आम्ही मांस खाणारी माणसं, मला शिकारीचं वावडं नाही. मला हसू आलं ते वेगळ्या कारणाने. प्रतीक करताना पाखराला कुणी विचारलं नव्हतं, बंदूक धरतानाही नाही. ते बिचारं दाणे टिपत होतं. आजोबा भात कापत होते.

फेब्रुवारीत एका रात्री जेवण झाल्यावर मुलाने विषय काढला. मला तो अपेक्षित होताच. त्याची अम्मी जाऊन तीन वर्षं झालीत.

''अब्बा, आता इथेच राहा. कागदपत्रांचं मी बघतो. तिथे तुम्ही एकटे. रात्री काही झालं तर? अर्ध्या गावाच्या घरांना कुलपं आहेत.''

खोटं नव्हतं. कुवेत, दुबई, मुंब्रा, लंडन असं सगळं गाव पांगलंय. मशिदीत इशाला कधी कधी आम्ही पाचच जण असतो, इमामसाहेब धरून. मी त्याला काय सांगावं याचा विचार करत राहिलो. एकटेपणाची भीती मलाही आहे. त्याच्या घरात ऊब आहे, नात आहे, वेळेवर औषध आहे. नको म्हणायला माझ्याकडे एकही भारी कारण नव्हतं.

शेवटी म्हणालो, ''मार्चात काजू पडायला लागतील रे.''

तो माझ्याकडे बघत राहिला. दहावीतला मी आजोबांकडे बघत होतो, तसाच. त्याला राग आला असावा. पण तो पुढे काही बोलला नाही. उठून माझ्यासाठी दूध गरम करून आणलं.

त्या रात्री एक गोष्ट मात्र लख्ख कळली. मी इतके दिवस मनातल्या मनात त्याला गेलेला धरत होतो आणि मला राहिलेला. पण अठरा वर्षं तो त्या बर्फात राहतोय. पहाटे चारला उठून गाडीवरचा बर्फ खरवडून कामावर जातो. त्याचं घर, त्याची माणसं, त्याची वाटेवरची झाडं तिथे आहेत. तिथला तोच मागे राहिलेला. मीच चार महिन्यांचा पाहुणा. शेजारच्या शेतकऱ्याचे सगळे मित्र हिवाळ्यात फ्लोरिडा-ॲरिझोनाला जातात. तिकडे अशा माणसांना स्नोबर्ड म्हणतात. तुम्ही का जात नाही विचारलं तर म्हातारा म्हणाला, ''मग माझ्या दारातला बर्फ कोण काढणार?'' आजोबांना हा माणूस आवडला असता.

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस थोडं ऊन पडलं. स्प्रूसच्या शेंड्यावरून पहिल्यांदा घुमण्याचा आवाज आला. खोल, संथ. मला तो रडण्यासारखा वाटला नाही. जागा माझी आहे, असं कुणीतरी जराही न ओरडता सांगत होतं.

मार्चात मी परत आलो. काजू पडत होते. गेल्या आठवड्यात नातीचा फोन आला. म्हणाली, ''दादा, आज तेवीस! गेलेले परत आलेत.''

मी विचारलं, ''कोण गेले होते आणि कोण राहिले होते, ओळखू येतं का गं?''

ती थोडा वेळ गप्प. खिडकीतून बघत असावी.

''नाही. सगळे एकत्रच खातायत,'' ती म्हणाली. ''फक्त लंगडोबा ओळखू येतो.''