न्यू स्ट्रीटवरचा क्लॅप्टन

बर्मिंगहॅमला आपल्याकडची माणसं साधारण तीन कारणांनी जातात. ऑफिसनं पाठवलं म्हणून, नातेवाईक आहेत म्हणून, नाहीतर एजबॅस्टनला मॅच आहे म्हणून. माझ्याकडे पहिली दोन कारणं होती. तिसरं नव्हतं, कारण नोव्हेंबरात कुठली आलीय मॅच! नोव्हेंबरात तिथे असते ती फक्त रिपरिप आणि न्यू स्ट्रीटवर लागलेला जर्मन ख्रिसमस बाजार.

तर २०१८ च्या नोव्हेंबरातला तो शनिवार. ऑनसाइटचा दुसरा आठवडा. टीममधले सगळे बुलरिंगमध्ये शॉपिंगला पळालेले आणि मी न्यू स्ट्रीटवरच्या ओडियन सिनेमासमोर येड्यासारखा उभा. आत जायचं नव्हतं. पिक्चर कुठला लागलाय हेही बघितलं नव्हतं. कानात इयरफोन होते, पण गाणं बंद. दारातून पॉपकॉर्नचा वास येत होता. एका बाईनं मला रांगेत उभा समजून ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून बाजूला केलं.

लोक लंडनला ॲबी रोडवर गाड्या थांबवून झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढतात. मी मात्र अशा जागी आलो होतो, जिथे माझ्या लाडक्या गिटारिस्टनं माझ्यासारख्यांना चालतं व्हा म्हणून सांगितलं होतं.

थोडं मागे जाऊ या. पुण्यात इंजिनीअरिंगला असताना रूममेटकडे एमपीथ्री सीडींचा ढीग होता. शंभर-शंभर गाणी, कव्हरवर स्केच पेननं काहीतरी खरडलेलं. त्यातल्या एकीवर फक्त ‘एरिक’. त्या सीडीत ‘अनप्लग्ड’ होता. हा अल्बम १९९२ चा, म्हणजे आमच्यापर्यंत पोचायला त्याला बारा-तेरा वर्षं लागली. टेन्शनमधल्या सबमिशनच्या रात्री तो माणूस खुर्चीत बसून, पाय आपटत, साध्या गिटारवर ब्लूज वाजवत होता. ओरडणं नाही, शायनिंग नाही. जाम शांत. मग कुणीतरी सांगितलं की ‘टियर्स इन हेवन’ हे त्याच्या चार वर्षांच्या मुलावरचं गाणं आहे. मार्च १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीच्या त्रेपन्नाव्या मजल्यावरून पडून तो मुलगा गेला. खोलीत त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि आमच्या खोलीत हे क्वचितच व्हायचं.

मग काय, मी क्लॅप्टनमय झालो. सेकंडहँड गिटार आली. एफ कॉर्ड काही लागेना, पण फॅन असण्याला एफ कॉर्ड लागत नाही. क्रीम, डेरेक अँड द डॉमिनोज, बी. बी. किंगबरोबरचा २०००चा अल्बम... सगळं पालथं घातलं. त्या अल्बमच्या कव्हरवर उघड्या गाडीत मागे राजासारखा बी. बी. किंग बसलाय आणि ड्रायव्हर म्हणून पुढे क्लॅप्टन. गुरूची गाडी चालवणारा शिष्य! आपल्या गुरुशिष्य परंपरेत वाढलेल्या माणसाला हे चित्र आवडणारच. माझ्या डेस्कटॉपचा वॉलपेपर कित्येक वर्षं तोच होता.

बर्मिंगहॅमचं नक्की झालं तेव्हा टीममधल्या एका मित्रानं सहज विचारलं, ‘तुझ्या क्लॅप्टनचा तिथला किस्सा माहितीये ना?’ मला वाटलं, असेल एखादी गाजलेली कॉन्सर्ट. कॉन्सर्टच होती. ५ ऑगस्ट १९७६, गुरुवार. इंग्लंडमधला तो गाजलेला कोरडा, भाजून काढणारा उन्हाळा. स्टेजवर क्लॅप्टन, भरपूर प्यायलेला. आणि मधेच त्यानं श्रोत्यांमध्ये परदेशी कोण आहेत ते विचारलं. असाल तर हॉलमधून जा, देशातूनही जा, असं सुनावलं. काळ्यांसाठी आणि आशियाई लोकांसाठीच्या शिव्या वापरल्या. ब्रिटन काळ्यांची वसाहत होतंय, ते थांबवायला इनॉक पॉवेलला पाठिंबा द्या, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

बरं, हा तोच माणूस, ज्यानं दोनच वर्षं आधी जमैकाच्या बॉब मार्लेचं ‘आय शॉट द शेरीफ’ गाऊन अमेरिकेत पहिला नंबर पटकावला होता. ज्याचं अख्खं करिअर मिसिसिपीच्या काळ्या ब्लूजवाल्यांच्या खांद्यावर उभं आहे. आणि त्या रात्री तोंडातून निघालं हे!

त्या दिवशी ऑफिसातून घरी येऊन मी सगळा फोल्डर उडवला. वॉलपेपरही. फार ग्रेट काही केलं असं नाही. राग आला होता, एवढंच. त्या शिव्या ज्यांच्यासाठी होत्या त्यांच्यात मी बसत होतो. पुढच्याच महिन्यात व्हिसाचा स्टॅम्प घेऊन, लॅपटॉपची बॅग लटकवून, त्याच रस्त्यावर जाणार होतो.

तर त्या शनिवारी माझी टूर अशी होती. आधी मिडलँड हॉटेल. आता तुम्ही विचाराल, हे मधेच कुठलं हॉटेल? तर क्लॅप्टननं ज्याचं नाव घेतलं तो इनॉक पॉवेल हा इथला खासदार, शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनचा. २० एप्रिल १९६८ ला, तोही शनिवारच, त्यानं बर्मिंगहॅमच्या मिडलँड हॉटेलात आपल्या पक्षाच्या बैठकीत भाषण केलं. ‘रक्ताच्या नद्या’ या नावानं ते कुप्रसिद्ध आहे. बाहेरून येणाऱ्यांमुळे देशाचं वाटोळं होणार, असा त्याचा सूर. दुसऱ्याच दिवशी पक्षाचा नेता एडवर्ड हीथनं त्याला शॅडो कॅबिनेटमधून काढलं, पण लंडनचे गोदी कामगार त्याच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. गंमत बघा, हा पॉवेल पंचविसाव्या वर्षी ग्रीकचा प्रोफेसर झालेला विद्वान. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात होता आणि उर्दू शिकला होता. म्हणजे आपली भाषा यायला हवी होती, फक्त आपण यायला नको होतो.

हॉटेल होतं, नाव बदललेलं. बर्लिंग्टन. आत चकाचक. ते भाषण आणि क्लॅप्टनचा तमाशा, दोन्ही एकाच न्यू स्ट्रीटवर! हॉटेलच्या दारापासून ओडियनपर्यंत मी मोबाइलवर वेळ लावली. चार मिनिटं, तीसुद्धा वाटेत एका सॉसेजच्या स्टॉलसमोर रेंगाळलो म्हणून. माझ्या डोक्यात इतके दिवस १९६८ आणि १९७६ या लांबलांबच्या तारखा होत्या. इथे त्या एकाच फुटपाथवर होत्या. आणि त्या फुटपाथवर समोरून येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाचा चेहरा आपल्याकडचा. २०२१ च्या जनगणनेत शहरातली सुमारे ३१ टक्के माणसं आशियाई वंशाची निघाली. मला त्या दिवशी आकडा लागला नाही, नुसतं बघून कळत होतं. पाटीबिटी दोन्हीकडे काही दिसली नाही. ओडियनमध्ये १९७६ मध्ये मोठमोठे कार्यक्रम व्हायचे, मी गेलो तेव्हा आत नुसते सिनेमाचे स्क्रीन होते.

तिथून डबलडेकर पकडून हँड्सवर्थला गेलो. सोहो रोड म्हणजे सोन्याची दुकानं, साड्या, पंजाबी मिठाया आणि मधूनच कॅरिबियन बेकरी. भूक लागली असेल तर इथेच जा, शहराच्या मध्यावर पैसे घालवू नका. मी मात्र खायला गेलो नव्हतो (खाल्लं, ती गोष्ट वेगळी). स्टील पल्स हा रेगे बँड याच वस्तीतला, त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावातच हँड्सवर्थ आहे. क्लॅप्टनच्या बडबडीवर रेड साँडर्स नावाचा फोटोग्राफर आणि त्याचे मित्र भडकले. त्यांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता: ज्यांचं संगीत वाजवून तू मोठा झालास त्यांनाच हाकलतोस? त्या पत्रातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला हजारो पोरं ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून चालत लंडनच्या पूर्वेला व्हिक्टोरिया पार्कात गेली. तिथे द क्लॅश वाजले, टॉम रॉबिन्सन वाजला, आणि हँड्सवर्थचे स्टील पल्ससुद्धा. एका दारुड्या रात्रीचं असं उत्तर. सॉलिड ना? हॉटेलवर येऊन मी स्टील पल्स ऐकले आणि मस्त झोपलो. वाटलं, विषय संपला. क्लॅप्टन गेला उडत.

रविवारी अण्णाकाकांकडे जेवण होतं.

अण्णाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. डिसेंबर १९७० मध्ये डॉक्टर म्हणून इथे आले ते इथलेच झाले. राहतात कुठे, तर वुल्व्हरहॅम्प्टनला! पॉवेलच्याच गावात. न्यू स्ट्रीट स्टेशनवरून ट्रेननं वीसेक मिनिटं. काकूंनी भरली वांगी केली होती. काल काय काय बघितलंस, असं काकांनी विचारलं, तर मी कॅडबरी वगैरे सांगायचं सोडून हे सगळं रामायण सांगितलं. काका ऐकत होते. मग म्हणाले, ‘ऑगस्टची पाच तारीख. मी जाणार होतो.’

‘कुठे?’

‘ओडियनला. नाइट ड्यूटी बदलून मिळाली नाही. नंतर एका इंग्लिश सहकाऱ्यानं पेपरातलं वाचून दाखवलं. बिचारा वाचताना माझ्याकडे बघतच नव्हता.’

तेव्हाच्या काही गोष्टी त्यांनी सांगितल्या. हात लावू नका, दुसरा डॉक्टर बोलवा म्हणणारे पेशंट. रात्री बसनं येताना वरच्या मजल्यावर बसायचं नाही, हा घरचा नियम. हे सगळं भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज. मग उठले, माळ्यावर गेले, आणि पाच मिनिटांनी धूळ पुसत एक एलपी घेऊन आले. ‘लैला’! डेरेक अँड द डॉमिनोजची जोड एलपी.

‘पहिल्या पगारातून घेतली. म्हटलं लैला म्हणजे आपल्याकडचंच काहीतरी असणार. लैला-मजनू!’

काका चुकले नव्हते, बरं का. जॉर्ज हॅरिसनच्या बायकोच्या, पॅटी बॉइडच्या प्रेमात पडून क्लॅप्टन झुरत होता, तेव्हा कुणीतरी त्याला निजामीची लैला-मजनूची कथा दिली होती. गाण्याचं नाव तिथलंच. म्हणजे या माणसाला गाणं काळ्यांचं चाललं, गोष्ट फारसीतली चाललेली. माणसंच तेवढी चालली नाहीत.

‘मग १९७६ मध्ये फेकून नाही दिली?’ मी विचारलं.

‘अरे, पैसे मोजले होते मी! त्याच्या बडबडीपायी माझी एलपी का फेकू? माळ्यावर टाकली. बरीच वर्षं नाही लावली. मग एकदा लावली.’

‘म्हणजे माफ केलंत?’

‘माफ? त्यानं मागितली होती का माझ्याकडे?’

खरं म्हणजे तोपर्यंत त्यानं जगाकडेही धड मागितली नव्हती. पुढे कित्येक वर्षं तो पॉवेलची बाजू सावरून घेत राहिला. दारू सुटली, अँटिग्वात १९९८ मध्ये त्यानं व्यसनमुक्ती केंद्र काढलं, तरी या बाबतीत गुळमुळीतच. एक माहितीपट आला, त्या निमित्तानं जानेवारी २०१८ मध्ये तो लोकांसमोर म्हणाला की मला स्वतःची लाज वाटते. एक्केचाळीस वर्षांनी! मला विचाराल तर उशीर झाला, आणि दारूवर ढकलणं मला आजही पटत नाही. दारू प्यायलेला माणूस नवीन काही शिकून येत नाही, आत असतं तेच बाहेर सांडतो.

पण तरीही मी पुन्हा ऐकायला लागलो, हे खरं. आता क्रम बदललाय. आधी रॉबर्ट जॉन्सन, ज्यानं १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून अवघी २९ गाणी रेकॉर्ड केली आणि सत्ताविसाव्या वर्षी गेला. मग फ्रेडी किंग. आणि मग क्लॅप्टन, त्यांचा विद्यार्थी म्हणून. कुठला तुकडा कुणाकडून उचललाय ते आता ऐकू येतं. पूर्वी त्याचा वाटायचा तो अर्धा सूर त्याचा नाहीच. उरलेला अर्धा मात्र आहे, आणि तो जबरदस्त आहे. तेही नाकारता येत नाही. वॉलपेपर परत लावलेला नाही.

त्या रविवारी काकांनी चौथी बाजू लावली. ड्वेन ऑलमनची स्लाइड गिटार, आणि मग ते प्रसिद्ध वळण, पियानो सुरू होतो ते. तो भाग ड्रमर जिम गॉर्डनच्या नावावर आहे, ज्यानं पुढे १९८३ मध्ये मानसिक आजारात स्वतःच्या आईचा खून केला. मी हे काकांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते डोळे मिटून बसले होते, बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरून. रेकॉर्डला एक चरा पडला होता, दर फेरीला ‘टक्’ व्हायचं.

‘परत लावलंत का त्या मेल्याला?’ आतून काकूंचा आवाज आला. ‘लावा, पण दार ओढून घ्या. आणि याला विचारा, अजून एक पोळी वाढू का?’