नंबर दोनची खुर्ची

व्हिजिटिंग कार्डावर ‘असिस्टंट’, ‘डेप्युटी’ किंवा ‘असोसिएट’ यांपैकी काहीही छापलेलं असलं, की आपल्याकडे त्याचा अर्थ एकच. अजून पोचायचंय. पंचविशीत चालून जातं. तिशी ओलांडली की लग्नाच्या हॉलमध्ये मावश्या गाठतात आणि ‘गुड न्यूज कधी’च्या खालोखाल दुसरा प्रश्न टाकतात, ‘आणि प्रमोशनचं काय?’

मी नऊ वर्षं एकाच बॉसची नंबर दोन आहे. क्लायंटसमोर तो बोलतो, आदल्या रात्री स्लाइड्स मी बसवते. त्याचा पारा चढला की टीममधली पोरं आधी माझ्या डेस्कपाशी येतात, ‘मॅडम, आत्ता जाऊ की नको?’ आणि खरं सांगू? मला हे काम आवडतं. हे वाक्य न लाजता बोलण्याचं बळ मला एका अमेरिकन माणसामुळे आलं. तो मला कधी भेटला नाही. बिल गथ्रिज त्याचं नाव. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा असिस्टंट कोच. एक-दोन नाही, एकाच माणसाच्या हाताखाली सलग तीस वर्षं.

२०१४ मध्ये कंपनीने मला दोन वर्षांसाठी नॉर्थ कॅरोलायनात पाठवलं. राली, डरम आणि चॅपल हिल या तीन शहरांच्या मधोमध रिसर्च ट्रँगल पार्क आहे. आयटी आणि औषध कंपन्यांची ऑफिसंच ऑफिसं. शेजारच्या केरी गावात देशी मंडळी इतकी, की वाणसामानाच्या दुकानात भाजणीसुद्धा मिळते. मला वाटलं होतं तिथे लोक बेसबॉलने वेडे असतील. छे! तिथला धर्म बास्केटबॉल, आणि तोही कॉलेजचा. ड्यूक आणि युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना ही दोन कट्टर वैरी विद्यापीठं एकमेकांपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. म्हणजे आपल्याकडे शिवाजी पार्क आणि आझाद मैदान समजा, फक्त भांडण शंभरपट.

शेजारच्या क्यूबिकलमधला सहकारी जन्मापासून चॅपल हिलचा. त्याने हट्टाने मॅचला नेलं. एकवीस हजारांहून जास्त माणसं बसतील असं बंदिस्त स्टेडियम. कॉलेजच्या मॅचला! माझ्यासाठी बास्केटबॉल म्हणजे शाळेमागचा उखडलेला कोर्ट आणि जाळी नसलेली रिंग. नियम कळत नव्हते, म्हणून मी बेंचकडेच बघत बसले. हेड कोच ओरडत होता, हातवारे करत होता. त्याच्याशेजारी सूट घातलेले तिघे. एक जण कोणाचे किती फाउल झाले ते टिपतोय. दुसरा टाइम-आउटला प्लास्टिकचा बोर्ड आणि मार्कर घेऊन हजर. आणि हेड कोच रेफरीच्या अंगावर जायला लागला, की तिसरा त्याला हलकेच मागे ओढतोय. मी सहकाऱ्याला म्हटलं, ‘अरे, ही तर माझीच नोकरी!’

त्याने मग मला असिस्टंट कोच म्हणजे काय चीज आहे ते समजावलं. प्रत्येक प्रतिस्पर्धी टीम एकेका असिस्टंटला वाटून दिलेली असते. त्या टीमच्या जुन्या मॅचेसचे व्हिडिओ तो रात्र-रात्र बघतो. कोण डाव्या बाजूने घुसतो, दबावाखाली कोणाचा फ्री थ्रो हुकतो, सगळं दोन-तीन पानांत आणून प्लेअर्सना पाठ करून घेतो. मॅच हरली तर मीटिंगमध्ये ‘हा स्काउट कोणाचा होता?’ हा प्रश्न येतोच. पण खरा जीव काढते ती भरती. अमेरिकेत शाळकरी प्लेअर्स पटवून कॉलेजात आणावे लागतात. जुलै आला की हे सगळे कोच कॉलेजचा लोगो असलेला टी-शर्ट घालून शाळकरी पोरांच्या टुर्नामेंटला जिममध्ये ओळीने बसतात. काही तारखांना त्यांना पोराशी बोलायचीही परवानगी नसते. मग करायचं काय? तर पोराला आपण दिसलो पाहिजे एवढ्यासाठी बसायचं. सहा-सहा तास, नुसतं दिसायला! कांदेपोहे परवडले. निदान पोहे तरी मिळतात.

या नोकरीत शिरण्याची वाटही चढणीची. आधी पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून नाममात्र पैशांत राबायचं, मग व्हिडिओ कापत बसायचं, मग टीमच्या बस-हॉटेलांचं बघायचं, आणि मग कुठे बेंचवर खुर्ची. नॉर्थ कॅरोलायनाचंच उदाहरण घ्या. १९७८ मध्ये रॉय विल्यम्स नावाचा शाळेतला कोच पक्की नोकरी सोडून इथे अर्धवेळ असिस्टंट झाला. पगार वर्षाला २,७०० डॉलर. घर चालावं म्हणून तो टीमची कॅलेंडरं गावोगाव विकायचा, आणि हेड कोचच्या टीव्ही शोच्या टेप्स रविवारी गाडी मारत स्टेशनांवर पोचवायचा. दहा वर्षं त्याने हे केलं. १९८८ मध्ये कॅन्ससने त्याला थेट हेड कोच केलं. पुढे तो नॉर्थ कॅरोलायनात परतला, तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि २०२१ मध्ये ९०३ विजयांवर निवृत्त झाला. ही गोष्ट मोटिव्हेशनल सेमिनारवाल्यांच्या फार कामाची. कॅलेंडर विका, मोठे व्हा!

मला मात्र त्याच बेंचवर शेजारी बसलेला माणूस जास्त जवळचा वाटला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये डीन स्मिथ गेले आणि अख्खं चॅपल हिल हळवं झालं. १९६१ ते १९९७ अशी छत्तीस वर्षं ते इथले हेड कोच. ८७९ विजय, निवृत्त झाले तेव्हाचा विक्रम. मायकल जॉर्डनचे कॉलेजातले गुरू. त्यांनी मृत्युपत्रात आपल्या जवळपास १८० माजी खेळाडूंना प्रत्येकी २०० डॉलर ठेवले होते, छान बाहेर जेवायला जा म्हणून. तीन महिन्यांनी, १२ मे रोजी, गथ्रिज गेले. माझ्या सहकाऱ्याच्या डोळ्यांत या वेळी जास्त पाणी होतं. मी विचारलं, ‘हे कोण?’ तो तासभर बोलत राहिला.

गथ्रिज कॅन्ससचे. १९६७ मध्ये ते स्मिथ यांच्याकडे असिस्टंट म्हणून आले. उंच खेळाडूंची तयारी आणि नेमबाजी हा त्यांचा प्रांत. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन टीमचे कोच स्मिथ, आणि असिस्टंट अर्थातच गथ्रिज. सुवर्णपदक. १९८२ आणि १९९३ ची राष्ट्रीय विजेतेपदं, दोन्ही वेळी तेच शेजारच्या खुर्चीत. १९७८ मध्ये पेन स्टेटची हेड कोचची नोकरी त्यांनी जवळजवळ घेतली होती. ऐनवेळी मन बदललं आणि ते परत आले. आपल्या भाषेत, हातची ब्रँच मॅनेजरी सोडली! माझ्या मावश्यांनी त्यांना वेड्यातच काढलं असतं.

पण स्मिथ यांच्या टीमची एक रीत ऐका. बास्केटमध्ये बॉल टाकणाऱ्याला पॉइंट मिळतात, पण त्याला तो बॉल नेमका पुरवणाऱ्याच्या नावावर ‘असिस्ट’ लागतो. आणि स्मिथ यांचा नियम असा, की बास्केट करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. भर मैदानात, सगळ्यांसमोर. ज्या घरात ही शिस्त आहे, तिथे तीस वर्षं दुसऱ्या खुर्चीत बसणं वेडेपणा वाटत नसणार. गाण्याच्या मैफलीत बुवा एखाद्या समेला तबलजीकडे बघून नुसती मान हलवतात ना, तसंच काहीसं.

अशी घरं फार नाहीत, हेही तितकंच खरं. कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खर्च वाचवायला एक नियम काढला. त्यात असिस्टंटांमधल्या सर्वांत खालच्याची कमाई वर्षाला १६,००० डॉलरवर गोठवली. हेड कोचच्या लाखोंना धक्का नाही बरं का. हे कोच कोर्टात गेले, जिंकले, आणि १९९९ मध्ये संस्थेला साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास रकमेवर तडजोड करावी लागली. पुढे २०१७ मध्ये एफबीआयने लाचखोरीच्या प्रकरणात कॉलेज कोचना पकडलं. चौघे, आणि चौघेही असिस्टंट. हेड कोच एकही नाही. त्यांनी केलं ते गैरच, त्यांना सहानुभूती नको. पण पोरं आणायचा दबाव वरून येतो आणि बेड्या खालच्यांना पडतात, हे वाचून मला नवल वाटलं नाही. हेड कोचला काढलं की असिस्टंटांनाही बहुतेक वेळा त्याच्यासोबत बॅग भरावी लागते. दर वर्षी अंतिम चार टीम्सचा सोहळा ज्या शहरात होतो, तिथे कोचेसचं अधिवेशनही भरतं, आणि हॉटेलच्या लॉबीत नोकरी शोधणाऱ्या असिस्टंटांची गर्दी असते. हसून हस्तांदोलन करणारी, खिशात बायोडेटा असलेली.

हल्ली तर धावपळ आणखी वाढलीय. २०२१ पासून प्लेअर्सना जाहिरातींतून कमावता येतं, २०२४ पासून ते दर वर्षी कॉलेज बदलून लगेच खेळू शकतात. म्हणजे गेल्या वर्षी आणलेला पोरगा या वर्षी टिकवायचा कसा, हीसुद्धा ड्यूटी असिस्टंटचीच. आपल्याकडच्या एचआरवाल्यांना हे दुखणं कळेल.

आता गथ्रिज यांच्या गोष्टीचा पुढचा भाग. हाच मला गेले पंधरा दिवस झोपू देत नाहीये. ९ ऑक्टोबर १९९७ ला स्मिथ यांनी अचानक निवृत्ती जाहीर केली. सीझन तोंडावर. बाहेरचा मोठा माणूस शोधायला वेळच नव्हता, त्यामुळे खुर्ची गथ्रिज यांच्याकडे आली. वय साठ. पहिल्याच वर्षी ३४ विजय, ४ पराभव, टीम अंतिम चारांत, आणि वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून नेस्मिथ पुरस्कार. सहा प्लेअर्स सारखेच दमदार, म्हणून त्यांनी सहाही जणांना आळीपाळीने सुरुवातीला खेळवलं, कोणी नाराज नको. असिस्टंटच्या डोक्यातूनच येणारी आयडिया! दुसऱ्या वर्षी पहिल्याच फेरीत वेबर स्टेट या फारशा नाव नसलेल्या टीमने हरवलं आणि कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या वर्षी १४ पराभव झाले, लोक वैतागले, आणि तीच टीम पुन्हा अंतिम चारांत पोचली. २००० च्या जूनअखेर ते स्वतःहून निवृत्त झाले. तीन वर्षांत ८० विजय, २८ पराभव.

माझा सहकारी म्हणायचा, त्यांना आधीच हेड कोच करायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. तीस वर्षांचं ते काम म्हणजे वेटिंग रूम नव्हती. ते स्वतःच एक करिअर होतं, आणि शेवटची तीन वर्षं हा वेगळा जॉब.

पंधरा दिवसांपूर्वी बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. तो कंपनी सोडतोय. म्हणाला, ‘वर तुझंच नाव दिलंय. दुसरं कोणी शोधायला त्यांना वेळच मिळणार नाही, असं टायमिंग साधलंय.’ मला हसू आलं. त्याने डीन स्मिथ हे नाव ऐकलेलंही नाही.

दहा दिवस मी कागदावर दोन रकाने पाडून बसले होते. खुर्चीत बसलं की रात्रीच्या त्या स्लाइड्स सुटणार, पोरांचं ‘आत्ता जाऊ की नको’ बंद होणार. उलट मी कधी चिडलेय याचा अंदाज ती दुसऱ्या कोणाच्या तरी डेस्कपाशी घेणार. पगार वाढेल, ते आहेच. पण वेबर स्टेटही कधीतरी येणारच, आणि तेव्हा बोट माझ्याकडे असेल, कौतुकाचं नव्हे.

शेवटी हो म्हटलं. मात्र आधी एक गोष्ट लेखी मागितली. माझ्या जागी येणाऱ्या मुलाची ग्रेड आणि पॅकेज माझ्या सहीच्या आधी ठरलं पाहिजे, आणि क्लायंट कॉलवर त्याचं काम त्याच्या नावाने सांगितलं जाईल. एचआरची मुलगी बुचकळ्यात पडली. असं स्वतःसाठी मागतात, असं तिचं मत. दोन दिवस घेतले त्यांनी, पण दिलं.

संध्याकाळी आईला फोन केला. प्रमोशन ऐकून ती मनापासून खूश झाली, देवापुढे साखर ठेवते म्हणाली. मग क्षणभर थांबून तिने विचारलं, ‘अगं, पण मग आता तुझं काम कोण करणार?’