आबाजींची प्रत

आबाजींना त्यांच्याच आवाजाची प्रत अजून मिळालेली नाही. हा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं.

मी नागपूरची. गडचांदूरवरून घाट चढून चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीला गेले ती एका संस्थेच्या बिनपगारी कामासाठी. पहाडावरच्या गुड्यांत, म्हणजे वस्त्यांत, फिरून गोंडांच्या कथा ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. आबाजी परधान समाजाचे. आपल्या गोंड यजमान घराण्याच्या पेनाची म्हणजे देवाची, पूर्वजांची कथा परधानाने किंगरी या तंतुवाद्यावर सांगायची आणि यजमानाने धान्य, कपडा, कधी जनावर द्यायचं, ही जुनी रीत. घरी आबाजी मराठीच बोलायचे, पण किंगरीवर गज फिरला की गोंडी सुरू. आधी यजमानांना विचारून आले, मगच आमच्यासमोर बसले.

सांगून झाल्यावर म्हणाले, "बाई, याची एक कापी आमाले द्यान का? नातवाले लागंल." संस्थेचा माणूस शेजारीच होता. तो हो म्हणाला.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. आधी म्हणाले, संपादन चाललंय. नंतर, समितीसमोर ठेवावं लागेल. पुढे उत्तर आलं की हक्क संस्थेकडे आहेत, प्रत हवी असेल तर संशोधनाचा हेतू लिहून अर्ज करावा, आणि अर्ज इंग्रजीत हवा. आबाजींनी कोणता हेतू लिहायचा? कथा त्यांच्या बापाने त्यांना दिली, बापाला त्याच्या बापाने. मी पत्रं लिहिली, फोन केले, शेवटी कार्यालयात जाऊन बसले. तिथे संमतिपत्र दाखवलं. संस्थेच्या माणसाने घेतलेला आबाजींचा अंगठा त्यावर होता, मजकूर इंग्रजीत. कायद्याने सगळं बरोबर आहे, असं मला सांगण्यात आलं. ऐकायचंच असेल तर त्यांनी इथे यावं, म्हणे. जिवतीहून सकाळची एसटी चुकली तर दिवस गेला, अशा गावच्या म्हाताऱ्याने परक्या शहरात येऊन कानाला यंत्र लावून स्वतःचा आवाज ऐकायचा! एका मेमरी कार्डाचा प्रश्न होता. तेही विकत घेऊन द्यायची माझी तयारी होती.

त्या दिवसांत मला हायमेनडॉर्फचाही राग यायचा. १९५६पर्यंत जिवतीसकट हा सगळा राजुरा भाग हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यातल्या मार्लवाईत हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४१पासून बायकोसह राहिला. त्याने परधानांच्या कथा लिहून घेतल्या, १९४८ साली राज गोंडांवर पुस्तक काढलं. त्याचे फोटो, फिल्मा, कागद आज लंडनच्या सोआस संस्थेत आहेत. इथलं सगळं उचलून नेलं, असंच मी म्हणत असे. पण त्याच माणसाच्या खटपटीने मार्लवाईत गोंडी मुलांना गोंडीतून शिकवणारी शाळा उभी राहिली, शिक्षक तयार झाले. बायको बेटी १९८७मध्ये गेली, तिची समाधी मार्लवाईतच आहे. त्याने लिहून घेतलं नसतं तर त्या कथांतलं किती आज उरलं असतं? राग पुरता गेलेला नाही, पण आता तो हायमेनडॉर्फवर काढता येत नाही.

मला वाटतं, जतनाचा पैसा आधी यजमान-परधान नात्यावर खर्च व्हावा. पेनाच्या पूजेचा खर्च झेपत नाही म्हणून यजमान परधानाला बोलावत नाहीत, आणि बोलावणंच नाही तर पोरगा किंगरी कशाला शिकेल? तो सिमेंटच्या कारखान्यावर ठेकेदाराकडे जातो. त्याचं काय चुकलं?

तरी पहाडावर जाऊ का, असं कुणी विचारलं तर मी जा म्हणते. सांगणारे म्हातारे झालेत. फक्त संमतिपत्र मराठीत आणि गोंडीत मोठ्याने वाचून दाखवा, आणि गुड्यातून निघण्याआधी, त्याच संध्याकाळी, सांगणाऱ्याच्या घरातल्या मोबाइलमध्ये पूर्ण कथा उतरवून द्या. संस्था नाही म्हणाली तर यंत्र सुरूच करू नका.

आबाजींच्या नातवाचा मध्यंतरी फोन आला होता. कापीचं काय झालं, विचारत होता. मी पुन्हा पत्र टाकलंय.