पाऊण तासाची झोप

चार महिन्यांच्या बाळाची दिवसाची झोप पाऊण तासाची, कधी अर्ध्याचीच. सकाळी साडेनवाला येते, बाराला येते, आणि दिवेलागणीला झोपवू नका असं आजी कितीही बजावत राहिली तरी साडेपाच-सहाला हमखास येते. डोंबिवलीत या झोपेला वैरी फार. खालून ओरडत जाणारा भंगारवाला, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, कुरियरवाल्याची बेल. पण भंगारवाल्याला आम्ही उगाच शिव्या घालतो. तो आला नसता तरी लेक उठलीच असती.

मोठ्या माणसाच्या झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा, तान्ह्याचा पन्नास मिनिटांच्या आसपासचा. फेरा संपत आला की झोप पातळ होते. आपण तिथे कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. बाळाला ते अजून जमायचं असतं. रात्री दिवसभराचा शिणवटा आणि अंधार मिळून त्याला पुढच्या फेऱ्यात ढकलतात. दिवसा ढकलायला कुणी नसतं. म्हणून ‘झोप पुरी झाली नाही हो हिची,’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या की मी मान डोलावते, पण मनातून पटत नाही. बहुतेक वेळा एक अख्खा फेरा झालेला असतो की!

तो फेरा जवळून बघावा. डोळा लागल्या लागल्या पापण्यांखाली बुबुळं सरकू लागतात, ओठ चुटूचुटू दूध ओढल्यासारखे हलतात, मध्येच हसू फुटतं. सटवाई हसवते म्हणतात. शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी असाच झोपलेल्या तान्ह्यांच्या पापण्या न्याहाळत बसला होता. पुढे १९५३ साली झोपेत डोळे भराभर फिरतात त्याबद्दलचा शोधनिबंध त्याने आपले गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांच्यासह छापला. सटवाईचं नाव त्यात नसणार.

मग श्वास संथ होतो, मूठ सैल पडते, हात उचलून सोडला तर लुळा पडतो. खांद्यावरून खाली ठेवायचं ते आता. घाई केली की दोन्ही हात फेकून दचकते. अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली या दचकण्याचं वर्णन केलं, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं आणि चार-सहा महिन्यांत आपसूक जातं. तोवर आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, शेवटी डोकं, आणि मानेखालचा हात एकेक बोट करून काढून घ्यायचा. दुसरा हात थोडा वेळ छातीवरच. नेमकं याच वेळी नाक खाजतं. खाजवायचं नाही.

सासूबाईंचा भरवसा झोळीवर. जुन्या इरकलीची झोळी त्यांनी धुऊन, वाळवून तयार ठेवली होती. ‘अगं, झोळीत घाल, दोन तास उठायची नाही.’ ते खोटंही नाही. झोप पातळ होण्याच्या घडीला एक झोका मिळाला की पोर पुढच्या फेऱ्यात जातं. पण डॉक्टर म्हणतात, सपाट गादी, बाळ उताणं, उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून हौसेने शिवलेली राईची उशीसुद्धा नको. मी डॉक्टरांच्या बाजूची. झोळी जागेपणी, आजी समोर बसलेली असताना, असा आमच्यात तह झालाय आणि बहुतेक तो टिकतो.

पाच-सहा महिन्यांची झाली की बरीच मुलं दिवसाचे फेरेही जोडायला लागतात, असं ऐकते. तूर्तास घराचं माप पाऊण तास. एवढ्यात कणीक भिजवून होते, पोळ्या होत नाहीत. कुकर ती जागी असतानाच लावायचा, शिटीला तिचे डोळे विस्फारलेले बघायलाही मजा येते. आंघोळ आणि गरम जेवण यांतलं मात्र एकच पदरात पडतं. आज केस धुवायचेच आहेत.