सोन्याआधी तांबं

चि. भाच्यास,



म्युनिकच्या दुकानातल्या त्या सोन्याच्या सॉलिडसचा फोटो पाहिला. नाणं बायझंटाइन सम्राट जस्टिनियनचं आहे, देखणं आहे आणि तुझा जीव त्यात अडकलाय. तरी सांगतो, सुरुवात सोन्याने करू नकोस.

सोन्याचं कौतुक मलाही आहे. एका रोमन पौंडात 72 नाणी, म्हणजे एकेक साडेचार ग्रॅमच्या आसपास, हे कॉन्स्टंटाइनने ठरवलेलं माप. कस सातशे वर्षं जवळपास ढळला नाही. अशी नाणी पार कर्नाटकात अक्की आलूरला सापडली. आपल्याकडे मिळालेल्या बऱ्याच नाण्यांना सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं असतात. कुणीतरी ती हौसेने गळ्यात घातली असणार. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस ज्या ‘कल्लियाना’ बंदराचं नाव घेतो, ते बहुधा आपलं कल्याण! पण राज्यावर काहीही कोसळो, सोनं आपलं होतं तसंच. त्या काळात खरं काय चाललं होतं, ते तांब्याला विचारावं.

498 मध्ये सम्राट अनास्तासियसने तांब्याचा मोठा फॉलिस काढला. मागच्या बाजूला भला थोरला ग्रीक ‘म्यू’, म्हणजे किंमत चाळीस नुम्मी. बाजारातल्या बाईलाही एका नजरेत कळावं असं काम. जस्टिनियनने बाराव्या वर्षापासून, म्हणजे 538-39 पासून, त्यावर राज्यवर्षही घातलं. खाली टाकसाळीचं नाव. त्या वर्षीचा फॉलिस आपल्या राणीछाप रुपयाच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा! 542 मध्ये राजधानीत प्लेग शिरला आणि त्या सुमारापासून नाणं हलकं व्हायला लागलं. पुढे सम्राट हेराक्लियसच्या काळात इराणशी युद्ध, मग अरबांशी. टाकसाळीने जुनीच नाणी घेऊन त्यांच्यावर नवा ठसा ठोकला, कधी कडा कातरून. नीट पाहिलंस तर नव्या सम्राटाच्या दाढीखाली जुन्याची अक्षरं दिसतात. ओबडधोबड असतात, पण मला तीच सर्वांत आवडतात.

सॉलिडसच्या किमतीत असे बरेच फॉलिस येतील. घेताना चेहरा झिजलेला असला तरी चालेल, वर्ष आणि टाकसाळ वाचता आली पाहिजे. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर चांगला. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ठेवून दे, ते दुखणं नाणं आतून खातं. आणि कृपा करून आजीसारखी चिंच किंवा पितांबरी लावू नकोस. तिच्या तांब्याला ते शोभतं, दीड हजार वर्षांच्या नाण्याची त्यात अक्षरंच जातात.

पावती माग, नाणं आधी कुणाकडे होतं तेही लिहून घे. घेण्याआधी वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. कडेचाही एक काढ, नक्कल ओतीव असेल तर सांधा तिथेच सापडतो.

तुझा,
मामा