दोनच त वायरी

"दोनच त वायरी हायेत मामा, टेप गुंडाळला का झालं!" इति भाचा. त्याच्या जुन्या गाडीत नकाशा दाखवणारा नवा स्टिरिओ बसवायचा होता. पण आमच्या मारेगावचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरातला, बंद गाडीत तर विचारूच नका. काळ्या टेपचा गोंद पाघळतो, जोड उघडा पडतो. म्हणून त्यावर हीट श्रिंक स्लीव्हच.

आधी बॅटरीचा मायनस सोडायचा. पिवळी वायर कायम चालू, लाल चावीवर. दोन्ही कायम चालूवर जोडल्या तर सकाळी बॅटरी उतरलेली!

माझा खरा हट्ट फ्यूजचा. तो मुख्यतः वायरला वाचवतो, म्हणून बॅटरीवरून थेट वायर आणली तर फ्यूज बॅटरीजवळच हवा. १० अँपिअरचा सारखा उडतो म्हणून ३० चा टाकणारे महाभाग असतात. मग फ्यूज शाबूत आणि डॅशबोर्डमागे वायर जळतेय... रात्री वणीच्या रस्त्यावर, मागच्या सीटवर पोरं झोपलेली असताना. नको रे बाबा.

असो. हँडब्रेकची वायर बॉडीला लावली की चालत्या गाडीतही सिनेमा दिसतो, हे भाच्याला बरोब्बर ठाऊक होतं. ती मी हँडब्रेकच्या स्विचलाच जोडली. दोन दिवस बोलला नाही.